हिगाकी-सान चित्र लावतात

हिगाकी-सान कुणाच्याही घरी गेले की दारात जोडे काढून त्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवून ठेवतात, घरच्यांना वाकून नमस्कार करतात आणि मग रिमोट मागतात. बोलावलेलं असतं दिवा बदलायला, नाहीतर फ्रिज गार होत नाही म्हणून. पण आधी टीव्ही. "हे काय लावून ठेवलंय," असं पुटपुटत ते चित्राचा भडकपणा उतरवायला लागतात. कॉन्ट्रास्ट खाली, रंग खाली, कडांची धार तर अगदी तळाला. समोरचे तोफूवाले आजोबा गेले तेव्हा हिगाकी-साननी उदबत्ती लावली, हात जोडले, थोडे डोळेही पुसले. मग शेजारच्या खोलीत गेले. तिथल्या टीव्हीवर बातम्या देणारा माणूस उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल दिसत होता. "आजोबांना हा रंग आवडला नसता," असं म्हणून त्यांनी तो माणसात आणला. आजोबांनी जन्मभर पांढराफेक तोफू विकला, त्यांना रंगांचं काय पडलं होतं, देव जाणे.

मी आकिए. बंदरावरून वर येणाऱ्या गल्लीत माझं केस कापायचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. हिगाकी-सानचं विजेच्या सामानाचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून. आमच्या बेटावरच्या प्रत्येक घरातला पंखा, हीटर, भात शिजवायचं भांडं त्यांच्याच हातून आलेलं, आणि बिघडलं की त्यांच्याच दारात परत जाणारं. माणूस सरळ, पण चित्राच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाही. "टीव्ही म्हणजे पुसलेली खिडकी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "खिडकी डोळ्यांत भरली म्हणजे ती नीट पुसलेली नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा फिरवताना माझ्या तोंडातून आपोआप निघतं.

माझ्या दुकानातला मोठा प्लाझ्मा टीव्हीही त्यांनीच आणला. त्या काळात पातळ, चकचकीत पडदे यायला लागले होते. मी म्हटलं, तसला द्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणला प्लाझ्मा. त्याच्या काचेच्या आत वायू पेटतो, म्हणून त्याचा अंधार हा खरा अंधार असतो, राखाडी नसतो, असं त्यांचं म्हणणं. टीव्ही नवा होता तेव्हा त्याची बडदास्त विचारू नका. चित्र मंद ठेवायचं, एकच चॅनेल दिवसभर ठेवायचं नाही, कोपऱ्यातली खूण हलत नसेल तर चॅनेल बदलायचं. कारण या काचेवर एकच गोष्ट फार वेळ आणि फार उजेडात राहिली की तिचा डाग कायमचा बसतो. "नवी सून आलीये असं समज," ते म्हणाले. मी म्हटलं, "मला कुणी इतकं जपलं नव्हतं."

पण चित्र खरंच सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. दुपारी सुमो लागलं की पैलवानांच्या पाठीवरचा घाम दिसायचा, आणि हिवाळ्यात टीव्हीतून निघणाऱ्या उबेला माझी मांजर त्याच्यामागे जाऊन झोपायची. दाढी करून घेणारी माणसं तोंडाला फेस लावून तशीच बघत राहायची. मला त्यांची हनुवटी धरून सरळ करावी लागायची.

आता कप्तानाबद्दल. ओचि शिगेओ हे आमच्या फेरीबोटीचे कप्तान. बेट ते किनारा, किनारा ते बेट, सगळा जन्म एवढ्याशा पाण्यावर काढला. पुढे पूल झाला आणि बोट बंद पडली. पुलावरून किनाऱ्याला जायला काही वेळच लागत नाही, पण कप्तान पुलावरून कधी गेले नाहीत. हिरोशिमाला मुलीकडे जायचं तर म्हणायचे, "तीच येईल इकडे." ते आणि हिगाकी-सान शाळेपासूनचे. दोघांचे केस मी कापते. एकाचे उरलेत, एकाचे उरले नाहीत, पण पैसे दोघांना सारखेच.

एका वर्षी मुलीनं कप्तानांना खेळाचं यंत्र पाठवलं. त्यात एकच खेळ, बोट चालवायचा. सुकाणूच्या केबिनमध्ये आपण उभे, समोर काचेच्या चौकटीचे दोन खांब, खाली होकायंत्राची गोल तबकडी, आणि पलीकडे समुद्र. बेटं, मासेमारीच्या होड्या, धुकं, सगळं. कप्तानांच्या घरचा टीव्ही एवढासा. सोमवारी माझं दुकान बंद असतं, इकडच्या सगळ्याच न्हाव्यांचं असतं. म्हणून सोमवारी दुपारी ते यंत्र काखेत मारून माझ्याकडे आले.

पहिल्याच फेरीत त्यांनी बोट धक्क्यावर आपटली.

"बोट जड आहे," ते म्हणाले. "मी वळवतो आणि ती मागाहून वळते."

हिगाकी-सान मागे स्टुलावर बसले होते. ते उठले. "बोट नाही रे जड. टीव्ही विचार करत बसतो. चित्र गुळगुळीत करून मग दाखवतो, तोवर तुझा हात पुढे गेलेला असतो."

"मग त्याला सांग, विचार करू नकोस."

हिगाकी-साननी रिमोट घेतला. चित्र घोटून दाखवायची जी काय सोय होती ती बंद केली, खेळासाठीची वेगळी सोय चालू केली. कप्तानांनी सुकाणू थोडं फिरवलं आणि बोट लगेच वळली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. पूल झाल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

मग दर सोमवारचा नेम झाला. कप्तान म्हणाले, "इथे कडेला पाण्यातली खूण असायला हवी, दिसत नाही." हिगाकी-साननी शोधून काढलं की टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या कापून टाकतो. त्यांनी चित्र मापात आणलं आणि कडेला लाल खूण पाण्यावर डोलताना दिसली. कप्तान म्हणाले, "लाटांना पांढरी किनार का आहे? लाटा काय बाजारातून आणल्यात?" धार तळाला गेली. कप्तान म्हणाले, "तिन्हीसांजेचं पाणी इतकं निळं नसतं." त्यावर दोघांनी बंदरावर जाऊन खरं पाणी पाहिलं, परत येऊन रंग उतरवला, पुन्हा गेले, पुन्हा आले. मी चहा करून ठेवला होता तो गार झाला. हिगाकी-सानना खेळून बघा म्हटलं तर हात मागे घ्यायचे. "आपलं काम खिडकी पुसायचं."

ते दिवस फार छान होते. पडदे ओढलेलं बंद दुकान, आरशांच्या रांगेत प्रत्येक आरशात एकेक समुद्र, आणि खुर्च्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या. कप्तान पहिल्या खुर्चीत बसायचे. बोट हळूहळू संध्याकाळच्या बंदरात शिरायची, डावीकडे हिरवा दिवा, उजवीकडे लाल. मी लोकर विणत बसायचे आणि मधेच डोळा लागायचा. जाग आली की क्षणभर वाटायचं, आपण बोटीवर आहोत, शाळेतून परत येतोय, आणि वडील धक्क्यावर सायकल धरून उभे असतील. दुकान डुलतंय असंसुद्धा वाटायचं. दोघं म्हातारे काही बोलत नसायचे. फक्त भोंगा वाजायचा, तो खेळातला.

मग एका मंगळवारी मी टीव्ही लावला तर सुमोतले पैलवान संत्र्यासारखे दिसायला लागले. गिऱ्हाईकं हसली. मला वाटलं, कुणीतरी रिमोटशी चाळा केला. मी खाली उतरवलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, आणि आणखी भडक. हिगाकी-सानना सांगितलं तर "बघतो, बघतो" म्हणाले आणि बघितलं काही नाही. ज्या माणसानं मयताच्या घरी चित्र सुधारलं, तो "बघतो" म्हणतो? मी मनात म्हटलं, काहीतरी पाणी मुरतंय.

पुढच्या सोमवारी मी विणकामात मान घालून बसले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. कप्तान संडासला गेले. हिगाकी-साननी झटकन रिमोट उचलला, कॉन्ट्रास्ट वर, उजेड वर, रंग वर. अगदी चोरासारखे. कप्तान परत आले तेव्हा हे आपले स्टुलावर, हात मांडीवर.

कप्तान गेल्यावर मी त्यांना दारातच अडवलं. "माझ्या टीव्हीची तुम्ही वाट लावताय. आणि वर तुम्हीच मला नवी सून, नवी सून म्हणून शिकवलंत."

हिगाकी-सान जोडे घालत होते, ते तसेच वाकलेले राहिले. "शिगेला लाल दिवा दिसत नाही, आकिए-चान."

"म्हणजे?"

"काचबिंदू आहे. मुलीनं मला फोनवर सांगितलं. औषध चालू आहे, पण गेलं ते परत यायचं नाही. त्याला वाटतं कुणाला माहीत नाही. मंद असलेलं काही त्याला आता वेगळं दिसत नाही. दिवा, धुकं, पाणी, सगळं एक. मासेमारीची होडी त्यानं विकली ती उगाच नाही. गोच्या पटावर सोंगट्या खेळायला जायचा तेही सोडलं. आता हा सोमवारच राहिलाय." ते सरळ झाले. "ज्या दिवशी त्याला बंदरात शिरता येणार नाही, त्या दिवशी तो यायचा बंद होईल. घरात बसेल. एकदा बसला की संपलं."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी भांडते. "मग त्यांना सरळ सांगा ना, दिसत नसेल तर मी वाढवून देतो म्हणून."

"तू सांगशील? कप्तानाला?"

मी नाही सांगितलं. या बेटावर आजारपण लोणच्याच्या बरणीसारखं असतं, सगळ्यांना माहीत असतं कुठल्या फळीवर आहे, पण घरच्यांनी काढल्याशिवाय कुणी झाकण उघडत नाही. मी रिमोटला हात लावणं सोडलं. मंगळवारपासून रविवारपर्यंत चित्र उतरवायचं आणि सोमवारी चढवायचं, हे काम हिगाकी-सानच करायचे, आणि चढवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू सुशीवर कुणी साखर पेरतंय.

दर थोड्या दिवसांनी थोडं आणखी वर. हिवाळा संपेस्तोवर पडदा इतका भडक झाला की मला विणकामाचे टाके दिसेनात, डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचायचे. समुद्र शाईसारखा, आकाश पेटलेलं, आणि लाल दिवा केवढा, जत्रेतल्या कंदिलाएवढा. कप्तान पुढे वाकून, मान थोडी तिरकी करून बघायचे आणि बोट बंदरात घालायचे. हिगाकी-सान मागे श्वास रोखून बसायचे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी हवामानाच्या बातम्या लागल्या तर बातम्या देणाऱ्या बाईच्या दोन्ही बाजूंना दोन पुसट खांब उभे, आणि तिच्या पोटावर अर्धी तबकडी. केबिनची चौकट काचेवर बसली होती. हिगाकी-साननी येऊन बघितलं. डाग पुसायला या टीव्हीत एक सोय असते, पांढरा पट्टा पडद्यावरून इकडून तिकडे फिरत राहतो. ते रविवारी येऊन तो लावून बसले. पट्टा फिरतोय, दुकान उजळतंय, पुन्हा अंधारतंय, आणि हा माणूस गुडघ्यावर हात ठेवून बघतोय. चौकट गेली नाही. त्यांच्या दुकानातल्या टीव्हीवर धूळ बसली तरी ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी स्वतःच्या हातानं हा डाग पाडला होता.

गिऱ्हाईकांनी मात्र मजा करून घेतली. "आकिए-सान, तुमच्याकडचं सुमो बोटीवर चालतं का?" "आज तोक्योला पाऊस आहे, कप्तानबाई, बोट जपून न्या." मीही हसायचे. पण संध्याकाळी दुकान झाडताना एकटीच त्या पडद्याकडे बघत राहायचे. चेरी फुलल्याच्या बातम्या, निवडणुका, परदेशातली कुठलीतरी वाळवंटं, सगळं त्या केबिनच्या काचेतून दिसायचं. जसं काही आमची बंद पडलेली फेरी हळूहळू जगभर फिरतेय आणि मी हातात झाडू घेऊन तिच्यावर उभी आहे. खोटं कशाला बोलू, मला ती चौकट आवडायला लागली होती.

चेरीचा बहर गळून गेल्यावरचा सोमवार होता. त्या दिवशी खेळातही संध्याकाळ होती, वारा पडलेला, पाणी सपाट. चित्राला आता आणखी वर चढायला जागाच नव्हती. कप्तान बंदराच्या तोंडाशी आले आणि बोट सरळ दगडी बांधावर गेली. पडदा थरथरला. त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा बांधावर.

 हिगाकी-सानचा हात रिमोटकडे गेला आणि तिथेच थांबला.

कप्तानांनी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला. "तोकु-चान," ते हिगाकी-सानना शाळेतल्या नावानं म्हणाले, "आता ते खाली आण."

"काय खाली आणू?"

"तू जे वर नेत बसलास ते. इतके महिने दिवा दर सोमवारी थोडा मोठा होत होता. मी जन्मभर दिवेच बघितलेत रे. दिवे असे वाढत नसतात." ते हसले, पण हसणं तोंडापुरतंच होतं. "आधी वाटलं माझे डोळे सुधारतायत. दोन सोमवार खूश होतो मी. मग घरी जाऊन टेबलावरचा मिसोच्या सूपचा वाडगा सांडला."

हिगाकी-सान म्हणाले, "शिगे, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते माहीत आहे. म्हणून तर येत राहिलो. पण तुमचे डोळे जातील आता. आकिए-चान विणायची थांबलीये, सुयांचा आवाज येत नाही. मला दिसत नाही ते नाही, तुम्ही तरी नीट बघा." ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. "झालं. यंत्र इथेच राहू दे. मी येत जाईन केस कापायला."

त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखे केस नाहीत. म्हणजे ते येणार नव्हते. 

हिगाकी-साननी रिमोट घेतला आणि चित्र उतरवायला लागले. कॉन्ट्रास्ट खाली, उजेड खाली, रंग खाली. आकाश विझत गेलं, पाणी परत पाण्यासारखं झालं, दुकानात संध्याकाळ आली. सगळं पहिल्यासारखं लावून झाल्यावर त्यांनी रिमोट फळीवर ठेवला, शेजारची माझी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. मग कप्तानांच्या मांडीवरचा कंट्रोलर उचलला. आयुष्यात पहिल्यांदा.

"बस खाली," ते म्हणाले. "मला बोट चालवता येत नाही."

"मला दिसत नाही."

"मला दिसतंय. पण काय करायचं ते कळत नाही. बस."

कप्तान अर्धवट उठलेले होते. खुर्चीचे हात त्यांनी पुन्हा चाचपले. मग बसले. "कुठे आहेस?"

"बंदराच्या बाहेर."

"असं नसतं सांगायचं. लाल दिवा कुठे?"

"उजवीकडे. खांबाच्या थोडा आत."

"कसा आहे?"

"लाल आहे."

"लाल आहे हे मलाही माहीत आहे. कसला लाल? धुकं असलं तर एक लाल, नसलं तर एक. त्यावरून अंतर कळतं."

हिगाकी-सान पडद्याकडे वाकले. हा माणूस दोन लाल रंगांमधला फरक झोपेतही सांगेल, पण बोटांनी, बटण दाबून. तोंडानं सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी सवयीनं रिमोटकडे बघितलं. मग दुकानात इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडे, आरशाकडे, दाराबाहेर.

"आकिए-चानच्या दाराशी तो न्हाव्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फिरता खांब आहे ना," ते म्हणाले, "त्यावरचा लाल. आत्ताचा नाही, आपण शाळेत होतो तेव्हाचा. नवा होता तेव्हाचा. पण पावसात भिजलेला."

कप्तानांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "दिसला. बराच जवळ आलायस. डावीकडे थोडं. थोडं म्हटलं, गाढवा. आता पाणी कसंय?"

"तांदूळ धुतल्यावर दुसऱ्यांदा जे पाणी निघतं, तसं. वरून चहा सांडलाय. गार झालेला."

"म्हणजे ओहोटी लागलीये. वेग कमी कर."

बोट आत चालली होती. हिगाकी-सान वाकडीतिकडी वळणं घेत होते, कपाळाला घाम आला होता, आणि तोंड सतत चालू होतं. हिरवा दिवा वाळलेल्या चहाच्या पानासारखा, बांधाचा दगड मांजराच्या पाठीसारखा, डोंगर असा की आहे असं नुसतं वाटावं. मी सुया हातात धरून ऐकत होते. मग मीही डोळे मिटले, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत त्या टीव्हीवर इतकं चांगलं चित्र मी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर कुणीतरी सायकल धरून उभं होतं.

"आता भोंगा," कप्तान म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. हिगाकी-साननी कंट्रोलर पुढे धरून त्यांचा अंगठा बटणावर नेऊन ठेवला. भोंगा लांब वाजला. बोट धक्क्याला घासली, थोडी जोरातच, पण लागली.

 पडद्यावर दोर टाकणारी छोटी माणसं इकडून तिकडे धावत होती.

"नीट दिसत होतं का?" हिगाकी-साननी विचारलं.

"दिसत होतं," कप्तान म्हणाले. "पण लाल जरा जास्त सांगतोस. पुढच्या सोमवारी थोडा कमी सांग."

हिगाकी-साननी मान हलवली. मग ते कप्तानांना दिसलं नसणार हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते म्हणाले, "बरं."